गेटला कुलूप आणि दुसरा अल्बम

वाचकांचे प्रश्न, कॅसेटवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, मी देवळालीगावात राहतो आणि अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. माझे वडील तुमच्या रविवार कारंजाजवळच्या दुकानातून कॅसेटी भरून घ्यायचे, म्हणून लिहायचं धाडस करतोय. २०२३ मध्ये आम्ही चौघांनी मराठी रॉकचा पहिला अल्बम काढला. सात गाणी, सगळी मी लिहिलेली. गॅदरिंगमध्ये वाजली, पोरं नाचली. मग वडिलांची सातपूरची कंपनी बंद झाली. त्यानंतर मी नऊ गाणी लिहिली आणि रात्री स्वयंपाकघरात बसून, मित्राच्या दोन चॅनेलच्या इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर), फक्त गिटार आणि आवाज अशी रेकॉर्ड केली. डेमो म्हणून. नंतर साठवलेले पैसे घालून मुंबईतल्या एका चांगल्या स्टुडिओत तीच गाणी दोन दिवस बँडबरोबर केली. सगळं स्वच्छ, सुरात, तालात झालं, पण गाणी मेली. डेमोत मालगाडीचा हॉर्न आहे, पत्र्यावरचा पाऊस आहे, एका ठिकाणी आई खोकते. तरी मला तेच ऐकावंसं वाटतं. बँडमधले मित्र म्हणतात, हे काढलंस तर आम्ही कुठे? आणि पहिल्या अल्बमवर नाचलेली पोरं हे ऐकतील का? डेमोच काढू का? तीन गाणी सोबत पाठवली आहेत, डेमोतली आणि स्टुडिओतली.

उत्तर : मित्रा, तुझी तिन्ही गाणी मी आधी डेमोत ऐकली, मग स्टुडिओतली, मग पुन्हा डेमोतली. एकदा हेडफोन लावून, एकदा स्पीकरवर खिडकी उघडी ठेवून. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

तुझ्या गाण्यांकडे वळण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तुझी जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्यात आहे.

१९८८ च्या सप्टेंबरात मी नाशिकरोडला पंजाब मेलमध्ये बसून दिल्लीला गेलो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जगभर फिरवलेली ‘ह्यूमन राइट्स नाऊ’ ही मैफल ३० सप्टेंबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये होती. स्टिंग होता, पीटर गॅब्रिएल होता, सेनेगलचा युसू एन्दूर होता, ट्रेसी चॅपमन होती, आणि अमेरिकेचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन होता, त्याच्या ई स्ट्रीट बँडसकट. मी गेलो होतो स्प्रिंगस्टीनसाठी. त्याचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ दुकानात मी इतक्या जणांना भरून दिला होता की कुठल्या गाण्यानंतर किती सेकंद शांतता आहे हेही मला पाठ झालं होतं. तो बँड कानात वाजत नाही, छातीत वाजतो. दुसऱ्या दिवशी पालिका बाजारात त्याची मी कधी न पाहिलेली एक कॅसेट दिसली. ‘नेब्रास्का’. घेतली.

नाशिकला येऊन ती डेकमध्ये घातली तर वाटलं, कॅसेट खराब निघाली. आवाज लांबून येतोय, खरखर आहे, ड्रम नाहीत, बेस नाही. मी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं. छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा कोन थोडा फिरवून पाहिला. काही फरक नाही. दुकान बंद केल्यावर शटर अर्धं ओढून पहिली बाजू पूर्ण ऐकली, तेव्हा लक्षात आलं की यात खराब काहीच नाही. एक माणूस एका खोलीत बसून गातोय आणि त्याच्याबरोबर ती खोलीही ऐकू येतेय.

ते कसं घडलं हे मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. १९८० च्या ऑक्टोबरात त्याचा ‘द रिव्हर’ आला. दोन तबकड्यांचा, वीस गाण्यांचा, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला त्याचा पहिला अल्बम. त्याचा दौरा १९८१ च्या सप्टेंबरात संपला. आता पुढचा अल्बम. कंपनी वाट बघतेय, बँड वाट बघतोय, ऐकणारे वाट बघतायत. त्याआधी स्टुडिओत बसून गाणी घडवण्यात त्याचे महिनोन्महिने आणि पुष्कळ पैसे जात. म्हणून त्याने ठरवलं की या वेळी गाणी आधी घरीच कच्ची भरून बघायची, जमतील तीच बँडला द्यायची. गिटारचं बघणाऱ्या सहकाऱ्याला त्याने साधं रेकॉर्डिंग मशीन आणायला सांगितलं. आलं ते टीअ‍ॅकचं टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे, भरणारं हे पहिलं मशीन, १९७९ मध्ये बाजारात आलेलं. ते कॅसेट दुप्पट वेगाने आणि एकाच दिशेने चालवतं, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर फक्त १५ मिनिटं मावतात. न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात, जानेवारी १९८२ मध्ये, शुअरचे दोन एसएम ५७ माईक लावून तो बसला. दोन ट्रॅकवर गिटार आणि आवाज एकदम. उरलेल्या दोनांवर कधी दुसरा आवाज, कधी आणखी एक गिटार, कधी डफलीसारखं टँबोरिन. मग एकोप्लेक्स नावाच्या प्रतिध्वनीच्या यंत्रातून सगळं काढून पॅनासोनिकच्या एका जुन्या टेपरेकॉर्डरवर उतरवलं. झाला डेमो.

ती कॅसेट तो खिशात घेऊन फिरायचा. डबीसुद्धा नाही. कॅसेटच्या धंद्यात आयुष्य घातलेल्या माणसाला हे ऐकून कसं झालं असेल ते तुझ्या वडिलांना विचार.

मग बँडबरोबर तीच गाणी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत केली. बँड जगातल्या उत्तमांपैकी एक, स्टुडिओ उत्तम, पण गाणी कॅसेटवर होती तशी उभी राहीनात. शेवटी ठरलं की खिशातली कॅसेटच काढायची. तेही सोपं गेलं नाही. कॅसेटवरचा तो आवाज एलपीच्या खाचेत नीट उतरेना. ठिकठिकाणी तबकडी कापून बघितली आणि अखेर आवाजाची पातळी खाली ठेवली तेव्हा जमलं. ३० सप्टेंबर १९८२ ला ‘नेब्रास्का’ निघाला. मी दिल्लीला त्याला ऐकलं त्याच्या बरोबर सहा वर्षं आधी. दहा गाणी. अमेरिकेत त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून काढलं नाही, दौरा केला नाही. तरी तो तिथे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, म्हणजे काका सांगतायत की डेमोच काढ. थांब. पुढचा भाग लोक सांगायचा विसरतात. घरी भरलेल्या त्या गाण्यांत ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हेही होतं. एकट्याच्या गिटारवरचं. ते त्याने त्या अल्बममध्ये घेतलं नाही. ते बँडला दिलं, आणि जून १९८४ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला, ज्यातली सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. एकाच घरात, एकाच मशीनवर भरलेली गाणी. दहांना खोली हवी होती, याला बँड हवा होता. त्या माणसाचं मोठेपण मला यात दिसतं. कच्चं ते खरं आणि स्टुडिओ खोटा, असा सरसकट निकाल त्याने लावला नाही. तो एकेक गाणं ऐकत बसला.

आता तुझी गाणी.

‘डबा’ ऐकताना मी दोनदा थांबलो. ‘आई अजून डबा भरते, गेटला कुलूप आहे’, ही ओळ तू स्वयंपाकघरात जवळजवळ कुजबुजत म्हणतोस. का, तर शेजारच्या खोलीत घर झोपलंय. आवाज चढवायची सोय नाही. आणि ते गाणं नेमकं त्याच माणसाचं आहे, ज्याला घरातल्यांना जागं करायचं नाही, ज्याला नोकरी गेल्याचं मोठ्याने बोलायचं नाही. मुंबईत तू हेच गाणं दोन सूर वर घेतलंस, कारण बँडच्या आवाजातून वर यायचं होतं. शब्द तेच, पण गाणारा माणूस बदलला. दुसरं म्हणजे ठोके. स्टुडिओत क्लिक, म्हणजे कानात ठोके मोजणारा आवाज, लावून गायलास, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका चालीने गेलं. घरच्या डेमोत ‘गेटला’ म्हटल्यावर तू थबकतोस. मोजून पाहिलं, जवळजवळ एक ठोका जादा जातो. त्या एका ठोक्यात गेट दिसतं. क्लिकने तो ठोका कापला.

म्हणजे दोष त्या स्टुडिओचा नाही. मशीनं चांगली होती आणि रेकॉर्ड करणाऱ्याने त्याचं काम चोख केलंय. तिथे तू गाणं त्या लोकांना गाऊन दाखवलंस, घरी तू ते स्वतःशी म्हटलं होतंस. हा फरक माईक बदलून भरून येत नाही. मालगाडीच्या हॉर्नलाही त्याचं श्रेय देऊ नकोस. हॉर्न छान आहे, देवळालीगावचा आहे, राहू दे. पण उद्या कोणी सुचवलं की बाकीच्या गाण्यांतही पाऊस आणि रेल्वे घालू, तर नाही म्हण. पाऊस पडला म्हणून आला तेवढाच ठेवायचा. आईचा खोकलाही ठेव, फक्त आधी आईला विचार.

‘रूळ’ मात्र तुझ्या बँडचं गाणं आहे. चार ओळींचं ध्रुवपद तू चार वेळा म्हणतोस आणि प्रत्येक वेळी गिटारवर असा हात मारतोस की जणू शेजारी ड्रमवाला बसलाय. तो खरंच बसू दे. स्टुडिओतलं ‘रूळ’ मला डेमोपेक्षा सरस वाटलं, फक्त दुसऱ्या कडव्यातली लीड गिटार लांबली आहे. ‘नाईट शिफ्ट’बद्दल माझं मत अजून बनत नाही. ते एकदा दोघांनीच करून बघा, तू आणि बेसवाला, रात्री, क्लिक न लावता, घरच्याच पट्टीत. उरलेली सहाही असंच एकेक करून ऐक.

मित्रांना काय सांगायचं? त्यांना समोर बसवून नऊ गाणी ऐकव. तुझ्या घरात, त्याच स्वयंपाकघरात, दिवा तेवढाच ठेवून. आणि विचार, यातल्या कुठल्या गाण्यात तुम्हाला वाजवावंसं वाटतं आणि कुठल्यात गप्प राहावंसं. ते वादक आहेत, त्यांचे कान तुझ्याइतकेच तयार आहेत. ‘आम्ही कुठे’ या प्रश्नामागे भीती आहे. त्यांना बाहेर ठेवलंय असं वाटू देऊ नकोस. स्प्रिंगस्टीनच्या बँडला एका अल्बममध्ये जागा नव्हती, पण त्याच सुमाराची दुसरी गाणी त्यांच्याचसाठी होती. सुदैवाने हे आता कानांनी पडताळता येतं. १९८२ मध्ये बँडबरोबर केलेली ती ‘नेब्रास्का’ची गाणी ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या संचात बाहेर आली आहेत. चौघं मिळून एक संध्याकाळ काढा आणि दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. बँडने वाईट वाजवलेलं नाही. तरी एकट्याचं का निवडलं गेलं हे तुम्हाला मी लिहिण्यापेक्षा जास्त चांगलं कळेल.

नाचणारी पोरं ऐकतील का? काही ऐकणार नाहीत. पण त्यांच्यातल्या कितींचे वडील सातपूर-अंबडमध्ये कामाला आहेत याचा विचार कर. ‘नेब्रास्का’तल्या एका गाण्याची सुरुवात न्यू जर्सीतल्या माहवाच्या मोटारींच्या कारखान्यापासून होते. तो कारखाना १९८० मध्ये खरोखर बंद पडला. मी माहवा पाहिलेलं नाही. पण १९८८ मध्ये ते गाणं ऐकताना मला माझ्या गल्लीतले संपावर गेलेले दोघं आठवले होते. आपल्याकडे पोवाडा हेच करतो. एका माणसाची हकिगत सांगतो आणि ऐकणारा त्यात आपलं गाव शोधतो.

तांत्रिक बाबी थोडक्यात. मूळ वेव्ह फाइली वापर, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नकोत. ‘प’ आणि ‘फ’ला माईकवर जो फुंकर बसलाय तो तेवढ्या जागी खालचे सूर कापून कमी होईल. खरखर काढायचं सॉफ्टवेअर पूर्ण गाण्यावर लावू नकोस, आवाजातला श्वासही जातो. मास्टरिंग करणाऱ्याला, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, स्पष्ट सांग की पातळी रेटून वर न्यायची नाही. स्पॉटिफायवर गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास सारखी करून वाजवली जातात, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त चपटं वाजतं.

एक गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही, पण तुला सांगायला हवी. १९९४ मध्ये पंचवटीतल्या एका मुलाची कॅसेट मी पदरचे पैसे घालून काढली होती. गिटारवरची मराठी गाणी, ५०० प्रती, सगळ्या गेल्या. दोन वर्षांनी तो दुसरी गाणी घेऊन आला, घरी टेपरेकॉर्डरसमोर बसून भरलेली. आई गेल्यावर लिहिली होती. मी म्हटलं, हे कच्चं आहे. त्याला स्टुडिओत नेलं, कीबोर्ड लावला, रिदम मशीन लावलं, सगळं सजवलं. त्याने शेवटचं मिक्स ऐकलं, मान हलवली आणि ते काढायला नको म्हणाला. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काही महिन्यांनी तो त्याची ती मूळची कॅसेट परत मागायला आला. मी कपाटात शोधली. सापडली. तिच्यावर दुकानातल्या पोराने एका गिऱ्हाईकाची भजनं भरली होती. तिचे दात मोडलेले नव्हते, आणि ते मोडायचं काम माझं होतं. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात, ते मोडले की त्यावर पुन्हा भरता येत नाही. दोन सेकंदांचं काम. ‘असू दे काका,’ एवढंच म्हणून तो गेला. त्याने पुन्हा गाणं केलं नाही.

म्हणून बाकी काही ठरवायच्या आधी, आज रात्रीच, ती नऊ गाणी दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेव. एक प्रत तुझ्या घराबाहेर. हवी तर माझ्याकडे.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. तिची स्वतःची इंग्रजी-मराठी गाणी तीन वर्षांपूर्वी खूप ऐकली गेली, पेपरात नाव आलं. त्यानंतर तिने एकही गाणं केलं नाही. सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला फिरायला जाते, शिकवण्या घेते, गिटार भिंतीला टांगलेली आहे. नातेवाईक विचारतात, पुढचं कधी? मी तिला काही म्हणावं का? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, नका म्हणू.

गायिका अ‍ॅलानिस मॉरिसेटचा ‘जॅग्ड लिटल पिल’ हा अल्बम जून १९९५ मध्ये आला तेव्हा ती जेमतेम २१ वर्षांची होती. कॅनडात तिचे त्याआधी दोन अल्बम निघाले होते, पण जगाने तिला ओळखलं ते यामुळे. तीन कोटींहून जास्त प्रती गेल्या. त्यानंतर दीड वर्ष ती गावोगाव गात फिरली आणि मग थांबली. त्या थांबलेल्या काळात ती कुठे आली माहीत आहे? आपल्याकडे. आई, मावशी आणि मैत्रिणींबरोबर ती भारतात येऊन राहिली. पुढचा अल्बम नोव्हेंबर १९९८ मध्ये निघाला, म्हणजे तीन वर्षं आणि पाच महिन्यांनी. त्यातल्या ‘थँक यू’ या गाण्याच्या ध्रुवपदात भारताचे आभार मानले आहेत. सतरा गाणी, लांब, आतल्या आत बोलणारी, पहिल्या अल्बममधल्या रागापासून बरीच दूर. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ४ लाख ६९ हजार प्रती खपल्या, पण एकूण खप पहिल्याच्या जवळही गेला नाही. मला स्वतःला तो दुसराच जास्त जवळचा वाटतो. काही गाणी फार लांबली आहेत हे मान्य करूनही.

तीन वर्षं म्हणजे आळस नव्हे. पहिली गाणी तुमच्या मुलीने लिहिली तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं, आता लिहायला बसली की पेपरातलं ते नाव शेजारी येऊन बसतं. ते उठून जायला वेळ लागतो. नातेवाइकांना तुम्हीच उत्तर द्या, तिच्यापर्यंत प्रश्न पोहोचू देऊ नका. आणि एक बारकी गोष्ट. गिटार भिंतीला टांगलेली असेल तर ती भिंत पावसाळ्यात ओल धरणारी नाही ना, एवढं पाहा. ओलीने मान वाकते. तिला कधी काढावीशी वाटली तर ती वाजायला हवी.

प्रश्न : आमच्या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बममध्ये नाशिक ढोल घ्यायचाय. घरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला तर डब्यासारखा वाजतो. काय चुकतंय? – पंचवटी

उत्तर : खोली चुकतेय. दहा बाय दहाच्या खोलीत ढोलाचा खालचा आवाज उलगडायला जागाच नसते, भिंतीवर आपटून तो लगेच माईकवर परत येतो. मोकळ्या मैदानात जा, पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. एक माईक टिपरूच्या, म्हणजे काठीच्या, बाजूला हातभर अंतरावर, दुसरा समोर बारा-पंधरा फुटांवर. ढोलाची खरी ताकद त्या लांबच्या माईकमध्ये येते. जवळचा फक्त धार देतो. ताशा वेगळा भरा, नाहीतर तो प्रत्येक माईकमध्ये घुसेल.

मिक्स करताना ड्रमसेटचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि ढोल एकाच वेळी खाली घुमवू नका. दोघांची जागा तीच आहे. जिथे ढोल आहे तिथे किक बंद ठेवून बघा. आणि बेस गिटारवाल्याला कमी सूर वाजवायला सांगा. आणखी एक, पोटतिडकीने सांगतो: ढोल फक्त प्रस्तावनेला आणि शेवटी ‘आपलं नाशिक’ दाखवायला घेणार असाल तर घेऊच नका. मिरवणुकीत तो तासन्‌तास वाजतो तेव्हा अंगात येतो. एखादं गाणं पूर्ण त्याच्या चालीवर बेतून बघा, गिटारला त्याच्या मागे चालू द्या.

प्रश्न : माळा आवरताना माझ्या भावाची एक कॅसेट सापडली. कॉलेजात असताना तो स्वतःची गाणी लिहून गिटारवर म्हणायचा. तो आता नाही. ३० वर्षं ती कॅसेट वाजलेली नाही, वर पांढरे ठिपके दिसतात. शेजाऱ्यांकडे जुना टू-इन-वन आहे. लावून बघू का? – सिन्नर

उत्तर : लावू नका. कृपा करून लावू नका.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी असणार. तशीच लावली तर रिबिनीचे वेढे एकमेकांना चिकटून ती तुटेल किंवा टेपरेकॉर्डर ती खाऊन टाकेल. शिवाय जुन्या टू-इन-वनचे रबरी पट्टे सैल झालेले असतात, आणि त्याचं रेकॉर्डिंगचं बटण चुकून दाबलं गेलं तर जे आहे ते पुसलं जाईल. कॅसेट उन्हात ठेवू नका, फ्रीजवर किंवा स्पीकरवर ठेवू नका, लोहचुंबकापासून लांब ठेवा. कोरड्या जागी, डबीत, उभी.

आत बघा, रिबिनीच्या मध्यावर हेडसमोर येणारी स्पंजची बारीक गादी आहे का. बहुतेक गळून पडली असेल. ती बदलता येते. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडता येते, चिकटवलेली असेल तर कवच जपून फोडून रिबीन दुसऱ्या कवचात घालावी लागते. बुरशी कोरड्या मऊ कापडाने, रिबीन हाताने फिरवत, वीतवीत पुसायची असते. घाई केली की गेली. मग चांगल्या डेकवर एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. दुसरी संधी मिळेल असं धरून चालायचं नाही.

हे मी करून देईन. पैसे घेत नाही. माझ्याकडे अजून दोन डेक चालू आहेत. संपादकांना पत्ता विचारा आणि सिन्नरहून बसने या, कुरियरने पाठवू नका. येताना कॅसेट पिशवीत नको, अंगावरच्या खिशात ठेवा.

पण त्याआधी, हे वाचून झाल्यावर, कॅसेट हातात घ्या. रिबीन दिसते ती कड खाली धरा, म्हणजे वरच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे दात असतील. भावाने ते आधीच मोडले असतील तर तिथे दोन चौकोनी भोकं दिसतील. नसतील मोडले, तर पेनाच्या टोकाने दोन्ही आता मोडा.